भिंतीखालचा रंग

आमचं रंगाचं दुकान आहे. गिऱ्हाईक येतं, खिशातून भिंतीचा एखादा पोपडा काढतं, नाहीतर जुन्या पडद्याची चिंधी, आणि म्हणतं, "बाई, अस्सा रंग द्या." मी तो पोपडा दाराशी उजेडात धरते, डबे उघडते, ढवळते, पुठ्ठ्यावर बोटाने एक रेघ ओढते आणि वाळू देते. गिऱ्हाईक घाई करतं. मी म्हणते, ओल्या रंगावर विश्वास ठेवायचा असेल तर शेजारचं दुकान उघडं आहे. माझी जीभ तिखट आहे हे सगळ्या गल्लीला माहीत आहे, आणि माझा डोळा चुकत नाही हेही. आमचे हे भिंती रंगवतात, मी रंग जुळवते.

जुनी खोली हातात घेतली की आम्ही आधी दारामागचा कोपरा खरवडून बघतो. खरवडायची पात हलक्या हाताने फिरवायची. वरचा थर निघतो, खालचा दिसतो, मग त्याच्या खालचा. घरमालक छातीठोकपणे सांगत असतो की इथे पहिल्यापासून पांढराच होता, आणि आतून पोपटी डोकावतो. आम्ही गालातल्या गालात हसतो आणि भेगांत लांबी भरायला घेतो. माणसं विसरतात, भिंत विसरत नाही, असं मी कितीतरी गिऱ्हाइकांना ऐकवलेलं आहे. आता ऐकवत नाही.

माझी एक धाकटी बहीण आहे. घरात सगळे तिला धाकटीच म्हणतात. ती लहान मुलांच्या इस्पितळात नर्स होती. वॉर्डभर पोरं रडत असायची आणि कुणाला कुठलं औषध कधी, हे हिला तोंडपाठ. बोलायला माझ्यापेक्षा फटकळ. तिचं लग्न ठरलं तेव्हा मी म्हटलं, "अगं, पहिले काही दिवस तरी गप्प बस, नाहीतर पळून जायचा तो." तर म्हणाली, "तुझा नाही का टिकला?" आमचे हे हसून हसून खुर्चीतून पडायचे बाकी राहिले होते.

तिचा नवरा विम्याच्या कचेरीत होता. कपडे नीटनेटके, आवाज हळू, तोंडात साखर. मी मनातल्या मनात त्याचं नाव साखरतोंड्या ठेवलं होतं. आमच्या ह्यांना मात्र तो आवडला. "तुझ्या बहिणीला असाच थंड माणूस हवा," म्हणाले. मला वाटलं, असेल बाई.

त्यांची जागा तिसऱ्या मजल्यावर, शांत रस्त्यावर. मागची खोली धाकटीची. रात्रपाळी करून आली की दिवसा झोपायला तिला वेगळी खोली हवी होती. ती मी स्वतः रंगवून दिली. निळा रंग, पण भडक नाही. त्यात एक थेंब काळा घातला, म्हणजे उन्हात डोळ्यांवर येत नाही. स्वयंपाकघरातून पाण्याची बादली आणताना दारातल्या उंच पायरीला मला दर खेपेला ठेच लागत होती, आणि धाकटी खिडकीत पाय हलवत बसून मला नावं ठेवत होती. "ताई, तिकडे राहिलं. ताई, ओघळ आला बघ." मी ब्रश घेऊन तिच्या अंगावर धावले होते.

सुरुवात इतकी साधी होती की सांगायलाही लाज वाटते. मी रविवारी त्यांच्याकडे जायचे. तो म्हणायचा, "अगं, काल सांगितलं होतं ना, आज साहेब येणार आहेत म्हणून?" ती म्हणायची, "नाही सांगितलंस." तो म्हणायचा, "तू हो म्हणालीस की." मग तो माझ्याकडे बघून हसायचा. "हिचं असंच आहे, ताई. दमते हो फार." किल्ल्या ती जिथे ठेवायची तिथे सापडायच्या नाहीत, आणि तो त्या दुसरीकडून काढून द्यायचा. रागावून नाही. प्रेमाने. केसांवरून हात फिरवत.

आधी ती भांडायची. मग भांडता भांडता थांबायला लागली. मग बोलण्याआधी त्याच्याकडे बघायला लागली. मला ते दिसायचं, पण नवराबायकोत तिसऱ्याने नाक कशाला खुपसा, असं म्हणून मी चहा पिऊन घरी यायचे.

एके दिवशी कळलं की तिने नोकरी सोडली.

"उद्या एखाद्या पोराला चुकीचं औषध देईन, ताई," ती म्हणाली.

"आजवर दिलंस का?"

"नाही. पण देईन. माझं मलाच कळतं ना."

ते वाक्य तिचं नव्हतं. मी तिला बोबडं बोलायच्या वयापासून ओळखते. ते वाक्य कुणीतरी तिच्या तोंडात ठेवलेलं होतं, आणि ती ते काळजीपूर्वक, सांडू नये अशा बेताने बोलत होती.

त्यानंतरच्या रविवारी मी मागच्या खोलीत गेले आणि दारातच थांबले. भिंती सायीच्या रंगाच्या होत्या.

"रंग कधी बदललात?" मी विचारलं.

धाकटीने चटकन माझ्याकडे पाहिलं. बुडणाऱ्या माणसाला काठ दिसावा तसं. "बघ," ती नवऱ्याला म्हणाली, "ताईलाही आठवतोय. निळा होता."

तो हसला नाही, चिडला नाही. त्याला वाईट वाटलेलं दिसलं. "ताई, हा तुम्हीच दिलेला रंग. तुम्हीच म्हणालात, मागची खोली अंधारी आहे, फिका द्या. आठवत नाही?"

मी भिंतीवरून तळवा फिरवला. नव्या रंगाचा वास नव्हता. वरच्या कोपऱ्यात कोळ्याचं जुनं, काळं पडलेलं जाळं होतं. खुर्चीची पाठ घासून घासून पडलेला वळ होता. खिडकीखाली ओलीचा पिवळा डाग पडून वाळलेला होता. रंग आठवड्याभरात देता येतो. ही झीज देता येत नाही. मी या धंद्यात म्हातारी झाले आहे, एवढं मला कळतं.

मी आवाज चढवला. "मला वेड्यात काढता की काय?" त्याने जाऊन माझ्यासाठी पाणी आणलं. ते पिऊन मी रिकामा पेला ठेवायला स्वयंपाकघरात निघाले. दारात माझा पाय आपोआप उचलला गेला आणि धपकन जमिनीवर आदळला.

पायरी नव्हती.

फरशी सपाट होती. दोन खोल्यांमधल्या बोळातून निघालेली एक बारीक तड तशीच सरळ स्वयंपाकघरात गेली होती आणि तिच्यात वर्षांची घाण बसलेली होती. मी वाकून ती नखाने उकरली. मागून धाकटी आली. तिनेही त्या दारात पाय उंच उचलला, जपून खाली ठेवला आणि पुढे गेली. तो आला तो सरळ चालत आला.

घरी येऊन मी ह्यांना विचारलं. "पायरी?" ते म्हणाले. "मी एकदाच तर गेलोय तिथे. मला नाही बुवा आठवत." रात्रभर मला झोप लागली नाही.

मग एका दुपारी तिचा फोन आला. आवाज इतका बारीक की मला दुकानाचं दार लावून घ्यावं लागलं.

"ताई, तू पात घेऊन येशील? तो कचेरीत गेलाय."

मी गेले. ती मागच्या खोलीत पलंगाच्या कडेला बसली होती, हात मांडीवर. मी म्हटलं, "भिंत बिंत राहू दे. बॅग भर. चल माझ्याबरोबर."

"नाही," ती म्हणाली. "आधी बघ. निळा निघाला तर मी येते. पण नाही निघाला तर माझंच डोकं फिरलंय, ताई. मग मी तुझ्या गळ्यात कशाला पडू? तो सांभाळतोय मला. दुसरं कोण सांभाळेल?"

"वेडे, मी आहे ना!"

"आधी बघ."

मला हायसं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. हातच्या काकणाला आरसा कशाला? ती खोली मी माझ्या हाताने रंगवली होती. मी दारामागे बसले आणि पात लावली. सायीचा थर निघाला. त्याखाली सायीचाच निघाला. त्याखालीही सायीचा, थोडा जुना, पिवळट. मग प्रायमर. मग गिलावा, आणि वाळू भुरभुर खाली पडायला लागली.

मी दुसरीकडे खरवडलं. खिडकीखाली. कपाटामागे. पलंगाच्या उशाशी. दर ठिकाणी तेच. मी रंगवलं होतं. तिने खिडकीत बसून मला नावं ठेवली होती. की ते दुसरं कुठलं घर होतं? एवढी घरं रंगवली आम्ही. क्षणभर, देवाशपथ, मला खरंच खात्री वाटेना.

"निघाला का, ताई?" तिने विचारलं.

बाहेर कडी वाजली. तो आला होता, भरदुपारी. त्याने बूट काढून नीट जागेवर ठेवले, दारात येऊन उभा राहिला आणि भिंतीकडे पाहिलं. "अरेरे, हाताला लागेल तुमच्या," म्हणाला. आत जाऊन झाडू घेऊन आला आणि मी पाडलेला चुरा स्वतः गोळा करायला लागला. एका शब्दाने रागावला नाही.

"बघितलंस?" तो मायेने तिला म्हणाला. "मी म्हटलं होतं, ताईंना त्रास नको देऊस."

धाकटीने मान हलवली. हळूच, शहाण्या मुलीसारखी. ती मान हललेली मी पाहिली. आता ही गेली, मला वाटलं. आता ही कधीच उठणार नाही इथून.

"आहे," मी म्हणाले.

"काय?"

"निळा आहे. हा काय इथे." मी दारामागच्या खरवडलेल्या जागेवर बोट ठेवलं. बोटाखाली सायीचा रंग होता, मला स्वच्छ दिसत होता. "जन्मभर मी रंग जुळवतेय. माझ्यावर विश्वास आहे ना तुझा? निळा आहे."

ती उठली. माझ्या शेजारी वाकली. पुष्कळ वेळ बघत राहिली. तिचा श्वास माझ्या मनगटाला लागत होता.

"हो," ती म्हणाली. "निळा आहे."

मी बोट उचललं.

निळा होता.

माझाच निळा, काळ्याचा थेंब घातलेला. नखाएवढा तुकडा, कडेने सायीचे थर चढलेले, जसे असायला हवेत तसे. माझ्या पातीला निळी पूड लागली होती.

तोही वाकला. त्याने तो तुकडा पाहिला, मग मला पाहिलं. इतक्या वर्षांत त्याने माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं असेल.

"जमतंय की तुम्हाला, ताई," तो हळू आवाजात म्हणाला.

त्याने आम्हाला अडवलं नाही. तिची बॅग जिन्यापर्यंत आणून दिली.

धाकटी आमच्याकडे आली. दुकानावरच्या खोलीत तिची सोय केली. जे पाहिलं ते मी कुणाला सांगितलं नाही. दुपारची उन्हं असतात, डोळे थकतात, रंग फसवतात, असं मी स्वतःला बजावलं. बहीण घरी आली, याहून जास्त मला काही नको होतं.

पण ती विचारायला लागली. दारात उभी राहून विचारायची, "ताई, मला थंडी वाजतेय का?" पहिल्यांदा मी हसले. "अंग तुझं, थंडी तुझी, मला काय विचारतेस?" तर ती तशीच उभी. ओठ काळेनिळे पडलेले, दात वाजताहेत, आणि मी सांगेपर्यंत शाल घेईना. "हो गं बाई, वाजतेय, घे ती शाल," म्हटलं तेव्हा तिने घेतली. जेवायला बसली की विचारायची, "मला भूक आहे का?" दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, इथपर्यंत ठीक आहे. हिला तोंड पोळलंय की नाही हेच कळत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या चांगल्या होत्या. धाकटीशी एकटीशी बोलल्या, मग मला म्हणाल्या, "असं होतं. माणसाला रोज सांगितलं की तुझं चुकतंय, की त्याचा आतला हिशेबच मोडतो. छोट्या छोट्या गोष्टी तिला ठरवू द्या. काय खायचं, कुठले कपडे घालायचे. वेळ लागेल. पण तिच्या वतीने तुम्ही उत्तरं देऊ नका."

मी मान डोलावली. पण धीर हा माझा गुणच नाही. एकदा उकळता चहा तिच्या हातावर सांडला. तिने हात पुढे केला. "ताई, भाजलंय का?" मी घाबरले, आणि पडलेल्या पोराला म्हणतात तसं तोंडातून निघून गेलं, "नाही गं, काही नाही झालं." मलम घेऊन धावत आले तर हातावर लाली नव्हती. त्याच किटलीतल्या चहाने माझी जीभ भाजून दोन दिवस हुळहुळत होती.

ह्यांनी एकदा मला बाजूला घेतलं. हे फारसं बोलत नाहीत. म्हणाले, "तिला जरा श्वास घेऊ दे तिचा तिला." मी त्यांच्यावरच खेकसले.

त्यात ती त्याच्यासाठी रडायची. ते मला सहन होत नव्हतं. "तो एकटा असेल, ताई. तो मारायचा नाही कधी. तो वाईट होता का?" यावर काय उत्तर देणार? मी म्हणायचे, तूच आठव, तूच सांग. मग ती आठवायचा प्रयत्न करायची, आणि ते बघवत नव्हतं. अंधारात चाचपडत चाललेलं माणूस दिसावं आणि हात देता येऊ नये, तसं व्हायचं मला.

एका दुपारी मी माल उतरवून वर गेले. ती बॅग घेऊन दारात उभी होती. चपला घातलेल्या.

"ताई, मला तिकडे परत जायचंय का?"

डॉक्टरीणबाईंचं बोलणं मला आठवत होतं. शब्द न् शब्द आठवत होता. मी गप्प राहिले असते तर कदाचित तिने स्वतःच ठरवलं असतं. कदाचित बॅग ठेवली असती. कदाचित जिना उतरली असती, आणि ती जिना उतरणं मला झेपणारं नव्हतं.

"तिकडे म्हणजे कुठे?" मी विचारलं.

"त्याच्याकडे."

"कोण तो?"

ती अंगठीच्या बोटावरून अंगठा फिरवायला लागली.

"तुझं लग्नच झालेलं नाही, धाकटे," मी म्हणाले. मी तिच्या केसांवरून हात फिरवत होते. "कोणी नव्हतंच. तू कायम इथेच होतीस, माझ्याजवळ. दमली आहेस तू."

तिने बॅग खाली ठेवली.

"हो," ती म्हणाली.

अंगठी तिने आधीच काढलेली होती, पण बोटावर पांढरा वळ राहिला होता. मी तिचा हात हातात घेतला. वळ नव्हता. तिचा चेहरा हळूहळू मोकळा होत गेला, कपाळावरची आठी गेली, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसून रडले. आनंदाने रडले.

ती आता बरी आहे. सगळे म्हणतात. पोटभर जेवते, झोपते, दुकानात मदत करते. इस्पितळाचा विषय निघत नाही. एकदा गल्लीतलं एक मूल तापाने फणफणलं होतं, त्याची आई हिला औषधाचं विचारायला आली. "मला कसं माहीत असणार?" धाकटी हसून म्हणाली.

भांडतही नाही. मी मुद्दाम खोड काढते. "तुझ्या हातचा रंग म्हणजे नुसता चिखल," म्हणते. ती म्हणते, "हो ना, ताई."

काल डबा उघडताना तिच्या कपाळावर रंगाचा शिंतोडा उडाला. मी ओल्या फडक्याने पुसायला गेले आणि माझा हात थबकला.

लहानपणी मी तिला पाठीवर घेऊन पळत होते आणि ठेचकाळून पडले. तिची भुवई मधोमध फाटली. आईने मला बदडायला घेतलं तर ही रक्ताने माखलेली मध्ये पडली, "ताईला मारू नको." त्या जागी पुन्हा केस आले नाहीत. पुढे आमचं भांडण झालं की ती नुसतं त्या खाचेवर बोट ठेवायची, आणि मी हरायचे.

दोन्ही भुवया भरलेल्या होत्या. अखंड, काळ्याभोर.

"हे... ही खाच कुठे गेली?" मी विचारलं.

"कुठली?"

"भुवईची. आपण पडलो होतो ना. तू माझ्या पाठीवर होतीस."

"अच्छा," ती म्हणाली. "कुठल्या भुवईला होती?"

मी सांगायला तोंड उघडलं. उजवी. नाही, डावी. मी डोळे मिटले, पुन्हा उघडले. तिने एक बोट उचलून आधी एका भुवईवर ठेवलं, मग दुसरीवर, आणि मी कुठे थांब म्हणते याची वाट पाहत, हसतमुख उभी राहिली.